आठ हजार बाळंतिणी

३ जानेवारी १९४४, सोमवार. उदगीर.

पहिल्या पिकाचं काय झालं ते क्रमाने लिहून ठेवते. नांदेडच्या सरकारी रेशीम कचेरीलाही हेच कळवलं आहे.

१. नोव्हेंबरअखेर म्हैसूरहून आलेल्या अंड्यांतून सुमारे आठ हजार रेशीमअळ्या निघाल्या.

२. शेवटची कात टाकण्याच्या सुमारास काही अळ्या फुगल्या, पिवळ्या पडल्या, चकाकू लागल्या. निरोगी अळी पोट भरलं की एका जागी राहते. या मात्र तबकाच्या काठावरून सारख्या फिरत होत्या.

३. हा ग्रासरी नावाचा विषाणूरोग. अशा अळीची कातडी जराशा धक्क्याने फुटते आणि आतून दुधासारखा पांढरा द्रव येतो. तो द्रव पाल्याला लागला की तो पाला खाणारी अळीही जाते. औषध नाही.

४. हे अळीगृह ज्यांच्या जुन्या जिनिंगच्या गोदामात आहे त्या बापूसाहेबांना या अळ्या सर्वांत धष्टपुष्ट वाटल्या. मी स्टेशनवर चुना उतरवून घ्यायला गेले असताना त्यांनी त्या वेचून घरच्या पाहुण्यांना दाखवल्या. अळ्या हातोहात फिरल्या. नंतर प्रत्येक पाहुण्याने आपापली अळी वेगळ्या तबकात ठेवली. 'म्हणजे बाकीच्यांना वळण लागंल,' असं बापूसाहेब म्हणाले.

५. आठवड्यात बहुतेक अळ्या मेल्या.

६. उरलेल्यांनी कोष विणले. ते पातळ होते, बोटाने दाबताच खड्डा पडे. कित्येकांच्या आत जीव मेला होता आणि कोषावर काळा डाग आला होता. गरम पाण्यात घालून धागा ओढला तर हातभर येऊन तुटत होता.

७. बापूसाहेबांनी विचारलं, 'यातून निदान एक रुमाल?' नाही.

कचेरीचा हुकूम आला आहे. दुसरं पीक शेवटचं. फेब्रुवारीअखेर चांगले कोष दिसले नाहीत तर अळीगृह बंद करून मी नांदेडला परत जायचं.

वडिलांचं पत्रही त्याच टपालाने आलं. ते वकिली करतात, त्यामुळे मुद्द्याचं लिहितात. 'चि. सौदामिनीस आशीर्वाद. तुझे किडे कसे आहेत? याही वेळी मेले तर लगेच कळव, म्हणजे पाहुण्यांना होकार देता येईल.' पाहुणे म्हणजे स्थळ. मुलाच्या घरच्या दोन तेलाच्या गिरण्या आहेत. सूक्ष्मदर्शक ठेवायला उजेडाची जागा आहे का, असं मी मागेच विचारलं होतं. त्याचं उत्तर या पत्रातही नाही.

६ जानेवारी, गुरुवार.

गोदामाला चुना दिला. दारं-खिडक्या लावून गंधकाची धुरी केली. बांबूची तबकं पाण्यात भिजवून, घासून उन्हात टाकली. रोग धुळीत टिकून राहतो, म्हणून जमीनही दोनदा सारवून घेतली.

कामाला दोघी आहेत. केवळाबाई साठी उलटलेल्या, गावात सुईणपण करतात. अर्ध्या उदगीरला मी बाहेर काढलंय असं त्या सांगतात, आणि रस्त्यातून जाणाऱ्यांशी त्याच हक्काने बोलतात. दानम्मा तरुण आहे. तिच्या घरी कानडी बोलतात. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असतं, ते मला आवडतं, पण कारण ऐकून झालं की ती 'अय्यो शिवने' म्हणते आणि आपल्याला हवं तेच करते. पाला कापायला हणमंत आहे. तो बोलत नाही. या घडीला तोच सर्वांत उपयोगी आहे.

दारावर मराठीत आणि उर्दूत पाटी लावली: 'हात धुतल्याशिवाय व पायताण काढल्याशिवाय आत येऊ नये. अळ्यांना हात लावू नये.' बापूसाहेबांनी ती दोन्ही भाषांत मोठ्याने वाचली. 'वा बाई! एकदम पक्का बंदोबस्त,' म्हणाले आणि जोड्यासकट आत आले.

'बापूसाहेब, पाटी.'

'हाव, वाचली ना. पण ते बाहेरच्यांसाठी हाय. मी तर घरचा मालक.'

१३ जानेवारी, गुरुवार.

अंडी आली आणि आज सकाळी फुटली, याही वेळी सुमारे आठ हजार. कोंबडीच्या पिसाने अळ्या उतरवून घेतल्या, कोवळा पाला बारीक चिरून घातला. आत्ता त्या मुंगीएवढ्या, काळ्या आहेत. दानम्मा म्हणाली, 'एवढुशा जिवाला दात तरी हाय का?' आहेत. सूक्ष्मदर्शकातून दाखवले. ती घाबरून दोन पावलं मागे गेली.

१९ जानेवारी, बुधवार.

पहिली कात झाली, दुसरी येते आहे. कात टाकण्याआधी सगळ्या अळ्या खाणं सोडून, मान वर करून निश्चल होतात. केवळाबाईंनी बराच वेळ निरखून विचारलं, 'आज काय उपास हाय का यांचा?'

मी म्हटलं, 'कात टाकायच्या आहेत.'

'बाई, तुमी बी असंच करून राहिल्या. मान वर, तोंड बंद. तुमची कवा पडायची कात?'

मी पाला तोलायला गेले.

२७ जानेवारी, गुरुवार.

पाचव्या तबकात दोन पिवळ्या अळ्या दिसल्या. काठावर फिरत होत्या. चिमट्याने उचलून चुन्यात टाकल्या. एकीचा थेंब काचेवर घेऊन पाहिला. विषाणू स्वतः इतका लहान असतो की दिसत नाही. त्याने अळीच्या रक्तात तयार केलेले बहुकोनी कण तेवढे दिसतात. ते होते, पुष्कळ.

रोग आला कुठून? गोदाम स्वच्छ होतं, तबकं स्वच्छ होती. दुपारी कारण स्वतःच चालत आलं. बापूसाहेबांनी पान खायला डबा उघडला. सुपारीच्या खणात कापसावर पहिल्या पिकातल्या दोन पिवळ्या अळ्या होत्या, वाळलेल्या.

'आठवण म्हणून ठेवल्या,' ते म्हणाले. 'लातूरच्या पाहुण्यांना दाखवतो ना. सोन्याची चीज. तुम्हीच सांगितलं होतं, पिकली की अळी पिवळी होते.'

मी पहिल्या दिवशी तसं सांगितलं होतं हे खरं आहे. निरोगी अळी कोष विणायला तयार झाली की पिवळसर दिसते, पण तेव्हा ती पारदर्शक होते, उजेडात धरली तर आरपार दिसते, आणि फुगत तर मुळीच नाही. हे त्या दिवशी वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात होतं.

डबा चुन्याच्या पाण्यात बुडवायला घेतला. त्यांनी धास्तावून विचारलं, 'बाई, मी महिनाभर यातलंच पान खाऊन राहिलोय. माणसाला काय होतं?'

माणसाला हा रोग होत नाही. मी हे त्यांना सांगितलं नाही.

२९ जानेवारी, शनिवार.

आज जे झालं ते नीट लिहिणं अवघड आहे. प्रयत्न करते.

सकाळी तुतीच्या मळ्यात पाणी कुठवर पोचलं ते पाहायला गेले होते. परत आले तर गोदामाच्या दाराशी पायताणांचा ढीग. म्हणजे पाटीचा अर्धा भाग पाळला गेला होता. आत पंधरा-वीस बायका. मध्ये पाटावर पितळेचं ताट, ताटात हिरवा खण, खणावर तुतीचं पान, पानावर चार पिवळ्या, फुगलेल्या अळ्या. प्रत्येकीला हळदीकुंकवाचा ठिपका. शेजारी शेवयांच्या खिरीची वाटी.

मी विचारलं, 'हे काय आहे?'

'डोहाळजेवण,' केवळाबाई म्हणाल्या.

'कोणाचं?'

त्यांनी माझ्याकडे जरा कीव करून पाहिलं. 'आता तुमच्या ध्यानात नसंल आलं बाई, तुमचं लगीन न्हाई झालं. पण मी हजार बायका बघितल्या. अंग बघा कसं भरलंय. तोंडावर पिवळी झाक आलीय. एका जागी बसवत न्हाई. पाला पुढं केला तर तोंड फिरवती. अजून काय पायजे?'

लक्षणांची नोंद अचूक होती. मी शिकले त्या म्हैसूरच्या रेशीमशाळेत याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

मी म्हटलं, 'केवळाबाई, अळीला गर्भ राहत नाही. ती आधी कोष विणते, मग कोषातून पतंग—'

'अय्यो!' दानम्मा ओरडली. तिच्या बोटाखाली एक अळी फुटली होती. पांढरा द्रव हळदीकुंकवातून खणावर ओघळला.

मग मागून कोणीतरी हलकेच म्हणालं, 'पान्हा फुटला गं.'

आणि सगळ्याजणी ओट्या सावरत तो पाहायला पुढे सरसावल्या. एकीने बोट लावून तो शेजारच्या तबकातल्या पाल्याला लावला. सहाव्या तबकातल्या.

मी ओरडले. यापूर्वी मी नोकरीच्या जागी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही.

'केवळाबाई, तुम्ही सुईण ना? बाळंतिणीच्या खोलीत असा अर्धा गाव घेता? न धुतलेल्या हातांनी? तिला हातोहात फिरवता? बाप्ये आत येऊ देता? बापूसाहेब पान चघळत येतात, त्यांचे पाहुणे येतात, ते चालतं तुम्हाला?'

मी हे उपहासाने म्हटलं होतं. त्यामागे काही योजना नव्हती.

केवळाबाई ताटावरून उठल्या. त्यांचा चेहरा पडला होता. 'आत्ता गं बया,' त्या म्हणाल्या. 'मग हे आधी का न्हाई सांगितलं? पाटीवर तर किड्याचं लिवलं होतं. आमाला वाटलं, तुमच्या साळंचं कायतरी खूळ असंल.' मग मागे वळून, 'चला गं, निघा समद्या! हात धुवा आधी. खीर बाहेर न्या.'

गोदाम रिकामं झालं. पाचवं आणि सहावं तबक मी पाल्यासकट उचलून मागच्या खड्ड्याकडे नेलं. त्यांत निरोगी दिसणाऱ्या अळ्याही बऱ्याच होत्या. पण त्यांनी तो पाला खाल्ला होता. चुना टाकत असताना केवळाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं त्या अडवतील. त्यांनी मातीही माझ्याबरोबरच ओढली आणि मग तांब्या कलता धरला.

'हात धुवा. आता मागं बघू नका.'

हात तसेही धुवायचेच होते. मागे पाहण्यासारखंही काही नव्हतं, म्हणून पाहिलं नाही.

ते बायकांचं खूळ कशासाठी होतं ते दानम्माने जाताना सांगितलं. पीक गेलं तर बाईंना नांदेडला नेणार हे तिला हणमंताकडून कळलं होतं. म्हणजे हणमंत बोलतो. 'म्हणून म्हटलं, यांची सुटका तरी नीट होऊ दे.' यात कार्यकारणभाव नाही. तरी नोंद करून ठेवते.

३० जानेवारी, रविवार.

सकाळी गोदामाच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा, घोंगडीचा पडदा, बाहेर शेगडीवर गरम पाण्याचं भांडं, आणि उंबऱ्यात केवळाबाई. आत जाणारीने हातपाय धुवायचे, आत ठेवलेलं धुतलेलं लुगडं नेसायचं. दोघी आणि मी सोडून कोणी नाही. बाप्या तर मुळीच नाही. हणमंताने पाला खिडकीतून द्यायचा, तोंड फिरवून.

पाटीवर मी जे जे लिहिलं होतं ते सगळं, आणि जे लिहायचं धाडस केलं नव्हतं तेही.

मी अडचण मांडली. डोहाळजेवण काल आणि बाळंतपण आज, हे कसं? केवळाबाई म्हणाल्या, 'किड्याचं समदं लवकरच असतंय.'

दोन गोष्टींवर मला ठाम राहावं लागलं. ओवा-लसणाची धुरी अळ्यांना सोसत नाही. ती बाहेर करावी असं ठरलं. आणि अळी डिंकाचा लाडू खात नाही. त्यावर केवळाबाई म्हणाल्या, 'मग करून आणलेला काय टाकून देऊ? तुमी खा.' दोन खाल्ले.

बापूसाहेब दहा वाजता आले.

'बापूसाहेब, तिथंच थांबा!'

'केवळाबाई, माझं गोदाम हाय हे!'

'गोदाम तुमचं. बाळंतपण माझं. तुमच्या टायमाला तुमचे वडील बी इथवरच थांबले होते.'

ते थांबले. कचेरीचा हुकूम, माझी पाटी आणि दोन वर्षांचं शिक्षण मिळून जे झालं नव्हतं ते झालं. ते थोडा वेळ अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. मग लांबूनच विचारलं, 'तब्येत कशी हाय सगळ्यांची?'

२ फेब्रुवारी, बुधवार.

चौथी कात टाकून सगळ्या उठल्या. हीच धोक्याची वेळ. रोज प्रत्येक तबक दोनदा पाहते. तिसऱ्यात एक पिवळी सापडली. चिमटा, चुना. शेजारची जागाही काढून टाकली. केवळाबाई म्हणाल्या, 'एखादी जातीच. हाय लागू देऊ नका.' मी म्हटलं, मला हाय वगैरे लागत नाही. त्यांनी तिसरा लाडू पुढे केला.

अळ्या आता करंगळीएवढ्या आहेत. सगळ्या मिळून पाला खातात तेव्हा कौलांवर पावसाचा शिरवा पडावा तसा आवाज होतो. दानम्मा त्या आवाजात झोपते. मी झोपत नाही, पण काम नसलं तरी बसून राहते. आवाजावरून भूक मोजता येते, हे त्याचं कारण.

७ फेब्रुवारी, सोमवार.

नांदेडहून साहेब न कळवता तपासणीला आले. मी आत तबकांचा गाळ काढत होते, हात भरलेले होते. घोंगडीच्या पडद्याआडून ऐकू आलं ते असं.

'अंदर कौन है?'

केवळाबाई: 'बाळंतिणी हायत.'

मग साहेबांची पावलं मागे सरकल्यासारखी वाटली. 'माफ कीजिए. मुबारक हो.'

बापूसाहेब तिथेच होते. मला वाटलं ते समजावतील. ते आनंदाने म्हणाले, 'तब्येत एकदम उत्तम, साहेब! सगळ्याजणी पोटभर खाऊन राहिल्या. आठ दिवसांत सुटका. चला, चहा घ्या.'

मी हात धुऊन, लुगडं बदलून बाहेर आले तोवर टांगा स्टेशनकडे वळला होता.

'साहेब आत का आले नाहीत?' मी विचारलं.

'लई खानदानी माणूस,' बापूसाहेब म्हणाले. 'बाळंतीण म्हटल्यावर मान वर केली न्हाई.'

१० फेब्रुवारी, गुरुवार.

सकाळी सातला पहिल्या अळीने पाला सोडला. उजेडात धरली. आरपार. फुगलेली नाही. दुपारपर्यंत शेकड्यांनी पिकल्या. बांबूच्या चटईवर गोल वळणं बांधलेल्या चंद्रिका तयार होत्या. दोघी आणि मी अळ्या वेचून त्यांवर सोडत होतो. संध्याकाळी प्रत्येक वळणात एकेक अळी डोकं हलवत आपल्याभोवती जाळं ओढत होती.

दानम्मा हळूच म्हणाली, 'पाळणा बांधून राहिल्या गं.'

घोंगडी टाकल्यापासून आजचा बारावा दिवस. केवळाबाईंनी हे बोटांवर मोजून मला दाखवलं, आणि शास्त्रात मलाच काय ते कळतं असं समजू नये, असा त्यांचा चेहरा होता.

बापूसाहेबांनी बाजारात बत्तासे वाटले. कोणी विचारलं, काय झालं? त्यांनी सांगितलं म्हणे, 'आठ हजार.' दोन तबकं पुरली, त्यानंतर आकडा तेवढा राहिलेला नाही. मी दुरुस्त करायला गेले नाही.

१५ फेब्रुवारी, मंगळवार.

कोष उतरवले. टणक आहेत, दाबले जात नाहीत. रंग फिकट हिरवट-पिवळा, एकसारखा. डाग असलेले शेकडा दोनही नाहीत. पहिल्या पिकातल्या एका कोषाशेजारी आजचा एक ठेवला. दोन्ही एकाच जातीच्या अंड्यांचे आहेत हे कोणाला सांगून पटणार नाही.

कवच किती भरतं ते तोलण्यासाठी दहा कोष कापावे लागले. नुसतं कवच पूर्ण कोषाच्या शेकडा तेरा भरलं, पहिल्या पिकात आठ होतं. या जातीला तेरा म्हणजे उत्तम. बापूसाहेबांना सांगितलं. त्यांनी रुमालाचं विचारलं. आता हो.

कापलेल्या कोषांतून दहा कोशित, म्हणजे अर्धवट पतंग झालेल्या अळ्या, निघाले, तपकिरी, जिवंत. बोट लावलं की शेपटीकडून वळवळतात. ते फेकायचे असतात. दानम्माने पदराने पुसलेल्या वाटीत कापूस घालून त्यात निजवले. एक माझ्या मेजावर आहे. निरीक्षणासाठी.

१६ फेब्रुवारी, बुधवार.

कचेरीचं पत्र आलं. खुलासा मागितला आहे:

'सरकारी रेशीमगृहात प्रसूतिगृह कोणाच्या परवानगीने चालवण्यात येत आहे? तसेच बाळंतिणींना रोज इतका तुतीचा पाला कशासाठी लागतो?'

मी ते वाचून दाखवलं. दानम्मा हसत खाली बसली. केवळाबाई हसल्या नाहीत. 'इतका म्हंजे? मोजून खायला घालायचं का आता?'

मलाही हसू आलं. दानम्मा म्हणाली, 'केवळाआई, बघा, पडली कात.'

मग तिने विचारलं, 'बाई, आतली बाळं कवा बाहेर यायची?'

'साधारण आठ दिवसांनी.'

'मग बारसं तवाच करू. बापूसाहेब साखर देतो म्हणलेत.'

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी होती. पतंग बाहेर येताना कोषाला भोक पाडतो. भोक पडलं की अखंड धागा निघत नाही, कोष धाग्याच्या कामाचा राहत नाही. म्हणून पतंग निघण्याआधी कोष वाफेवर धरून आतले जीव मारतात. सगळीकडे असंच करतात. म्हैसूरला मी स्वतः हंडेच्या हंडे असे केले आहेत, आणि त्यात मला कधी काही विशेष वाटलं नाही. वाफेचा हंडा इथेही आहे, मागच्या खोलीत. दोघींना वाटतं तो अंघोळीच्या पाण्याचा आहे.

मी म्हटलं, 'बारशाचं नंतर बघू.'

केवळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या इतकी वर्षं बाळंतिणींच्या घरच्यांना काय सांगायचं आणि काय नाही ते ठरवत आल्या आहेत. त्यांना कोणी काही सांगत नसलं की कळत असावं.

'बाई,' त्या म्हणाल्या, 'धागा तुमचा. सरकारचा. मी काय बोलत न्हाई. पण आत जाऊन बसलेल्याला बाहेर येऊ द्यायचं, एवढंच मला येतं.'

रात्री पंचवीस चांगले कोष वेगळे काढले आणि हंड्यात पाणी भरलं. पेटवला नाही. पाणी गढूळ होतं.

१७ फेब्रुवारी, गुरुवार.

सकाळी सूक्ष्मदर्शकाची काच पुसताना उपाय सुचला. तो पूर्णपणे तांत्रिक आहे. उद्या शुक्रवार, निजाम सरकारच्या कचेऱ्या बंद, म्हणून पत्र आजच्याच गाडीने गेलं. नक्कल:

'मे. मोहतमिमसाहेब, नांदेड, यांस. आपल्या खुलासापत्राचं उत्तर व एक विनंती.

१. या रेशीमगृहात कोणाही स्त्रीचं बाळंतपण झालेलं नाही. ग्रासरी रोग पसरू नये म्हणून बाळंतिणीच्या खोलीचे नियम लावले होते. ते लोकांना आधीपासून माहीत असल्यामुळे पाळले गेले. बाळंतिणी म्हणजे अळ्या. पाला त्यांनीच खाल्ला.

२. त्यानंतर रोगट अळी एकच आढळली. कोष टणक व एकसारखे आहेत. नमुन्याचे पंचवीस कोष सोबत पाठवीत आहे. पहिल्या पिकाचे पाचही पाठवीत आहे, म्हणजे फरक हाताला कळेल. कोष मारलेले नाहीत, तरी पोचताच ते काम आपल्याकडे करून धागा ओढून पाहावा.

३. आपल्या बिलोलीच्या नव्या रेशीमगृहाला अंडी हवी आहेत. लढाईमुळे म्हैसूरची पार्सलं वेळेवर येत नाहीत, अंडी वाटेतच फुटतात. येथील कोष शुद्ध जातीचे आहेत. ते धाग्यासाठी न मारता पतंग निघू द्यावेत व अंडी घ्यावीत. प्रत्येक मादी अंडी घालून झाल्यावर सूक्ष्मदर्शकाने तपासून, निरोगी असेल तिचीच अंडी बिलोलीला पाठवण्याची जबाबदारी मी घेते. अंडी धुऊन देईन.

४. भोक पडलेले कोषही वाया जात नाहीत. ते पिंजून सूत कातता येतं. येथील जागामालक बापूसाहेब यांना रुमालाची आशा आहे. तो त्यातून होईल.

५. अंड्यांचं काम पावसाळ्यापर्यंत चालेल. तोवर येथे तांत्रिक माणूस लागेल. तो येथे आहे.'

सहावं कारण तांत्रिक नव्हतं, म्हणून लिहिलं नाही.

वडिलांनाही दोन ओळी टाकल्या: 'किडे जिवंत आहेत. पाहुण्यांना तसं कळवावं.'

केवळाबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. नकार आला तर हंडा पेटवावा लागेल, आणि मग सांगायची गरजच उरणार नाही. त्या मात्र आज बाजारातून घुगऱ्यांचे हरभरे घेऊन आल्या आणि भिजत घालू का, असं विचारलं. मी म्हटलं, मंगळवारी रात्री सांगते. मेजावरचा कोशित गडद होऊ लागला आहे. तो बाहेर आला तर उघड्यावर कसा राहील, म्हणून त्याच्यावर चहाची गाळणी पालथी घातली आहे.

पत्राची शेवटची ओळ राहिली होती, ती इथे उतरवते:

'पतंग बुधवार, दि. २३ फेब्रुवारीपासून बाहेर येऊ लागतील. तरी आपलं उत्तर, होकार असो वा नकार, मंगळवार दि. २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळपर्यंत तारेने उदगीर येथे द्यावं, ही विनंती.'